चौकट नको

शिरोलीच्या वजनकाट्यावर हिंदुराव वरुटे
कोपऱ्यातली फुली दाबतात. रोज.
ट्रक काट्यावर, चिठ्ठी अर्धी, खिडकी गायब.
"म्याडम, तुमचं सॉफ्टवेअर पळालं बघा."

मी उद्यमनगरात, लेथच्या डोक्यावर भाड्याच्या खोलीत
एक ओळ लिहिते: चौकट नको.
मॅकवर चौकट जाते,
तीन ठिपके राहतात, लाल, पिवळा, हिरवा,
वाढदिवस उरकल्यावर भिंतीला चिकटलेले फुगे.
विंडोजवर सगळं जातं,
माथ्यावर फक्त एक पांढरी रेघ.
केसाएवढी.

तीन रात्री त्या केसामागे.
सावली बंद केली, तर रेघ गेली
आणि खिडकी मागच्या खिडकीत विरघळली,
कुठली कुणाची कळेना.
सावली परत दिली, तर रेघ हजर,
उधारी मागायला आल्यासारखी, हसतमुख.

खाली चहाला गेले तेव्हा रसूल गोलंदाज
हातातला ओतीव तुकडा फिरवत म्हणाला,
"दोन साचे भेटतात तिथं शिवण ऱ्हातीच, ताई.
ती काय साच्याला इचारून जात न्हाई.
आमी कानस मारतो."

वर आले. रेघेला
खिडकीचाच राखाडी रंग लावला.
गेली नाही. दिसत नाही.
मलाच दिसते.

सोमवारी फोन.
"फुली काढलासा, लई ब्येस झालं."
मग थोडा वेळ नुसता ट्रकचा आवाज.
"पर म्याडम,
सांजचं घरला जाताना
दाबायचं काय?"