नवं मीठ

दीप्तेश, थांब. गाडी डांबरावरच राहू दे.
पुढे जे पांढरं दिसतंय ती जमीन नव्हे,
चिखलावर धरलेली साय आहे.
इथले लोक सबखा म्हणतात.
आपण खाजण म्हटलं असतं,
पण खाजण निदान ओलं दिसतं.

चपला काढ. नको, तुझे ते बूट घाल,
पाण्यात पाकटाचा काटा असतो.
नाडी मात्र सैल ठेव.
रुतलास तर बूट चिखलाला देऊन टाकायचा,
पाय आपला ठेवायचा.

नोव्हेंबर लागला की उम्म अल् कुवैनमधला जो तो
उन्हाळाभर एसीखाली आंबलेलं अंग घेऊन
सुट्टीच्या दिवशी खाडीवर येतो,
आणि नेमकं तेव्हाच मीठ नवं असतं.
मागचं उधाण ओसरून दहा दिवस झाले,
वर पापुद्रा, खाली पेज.
फेब्रुवारीत मी इथून सायकल नेली आहे.
फेब्रुवारीची गोष्ट नोव्हेंबरला सांगू नये.

मी सोळा वर्षं मासळीबाजाराच्या बर्फखान्यात आहे.
साच्यातून लादी सुटताना तिचा आवाज
मला झोपेतही कळतो.
भरलेली लादी टणक बोलते,
पोटात पाणी राहिलेली कण्हते.
मीठही तसंच. भाला उलटा धर, दांडा आपट, ऐक.
ठक्. चल.
थप्. थांब.
काहीच ऐकू आलं नाही
तर आलास त्याच पावलांवरून मागे ये,
वळायलाही जागा मागू नकोस.

कडा उचललेल्या पापडांवर पाय ठेव.
तपकिरी, गुळगुळीत, सुंदर दिसेल तिथे नको.
उंटाचे ठसे दिसले तरी नको.
तो परत आल्याचे ठसे दिसतायत का?

आणि माझ्यापासून दहा हात लांब राहा,
बोलायचं तर ओरडून बोल.
दोघं एकाच जागी बुडालो
तर दोर कोण कोणाला टाकणार?

दाभोळचे लियाकतभाई परकार एकटे आले होते.
कमरेपर्यंत गेले.
डोकं शाबूत, म्हणून धडपडले नाहीत,
भाला पाठीखाली आडवा घातला
आणि खाटेवर पडावं तसे उताणे पडले.
मोबाईल भिजेल म्हणून गाडीत ठेवलेला.
घरून अकरा वेळा फोन आला,
अकरा वेळा काचेमागे उजेड झाला,
त्यांनी तो पडल्या पडल्या मोजला.
बाराव्याची वाट बघताना पाठ ओली लागली.
भरती.

मग उबैद आला, खेकड्यांचे पिंजरे उचलायला.
त्याने पिकअपमधली रबरी चटई फेकली,
दोर फेकला, शिव्या घातल्या, मग कहवा पाजला.
शिव्या आणि कहवा दोन्ही अरबीच,
लियाकतभाईंना दोन्ही सारखेच गोड लागले.
हल्ली ते सुट्टीला कॅरम खेळतात.
जेवणात वरून मीठ घेत नाहीत,
डॉक्टरने सांगितलंय म्हणतात.

हा दोर. एक टोक तुझ्या कमरेला.
गाठ अशी बांध की एका हाताने सुटेल.
बोय दिसली तरी धावायचं नाही,
बोय पाण्यातली आहे, तिला घाई परवडते.
साडेसातला भरती फिरते,
सातला आपण डांबरावर.
पिशवी रिकामी असली तरी सातला.

घरी काय सांगून आलायस?
खोलीवर झोपलोय म्हणून?
म्हटलंच. मीही पहिली चार वर्षं
आईला ऑफिसात आहे सांगायचो,
बर्फात हात घालून.

मग आधी फोन लाव.
खाडीचं नाव सांग, माझं सांग,
किती वाजता परतणार ते सांग.
ती ओरडेल. ओरडू दे.
मी उभा आहे इथेच,
पाणी अजून मागेच चाललंय.