समुद्रसपाटीपासून

उद्यमबागेत माझं लेथ, शेडच्या मागच्या अंगाला.
शेजारी फौंड्री, म्हणून चहात काळी वाळू येतेच.
मी सिलिंडरचे व्हॉल्व्ह दुरुस्त करतो.
पितळ, बारीक आटे, रबराची एक रिंग;
एवढ्यावर माणूस कुठवर जाऊन येतो
ते गिऱ्हाइकांकडून कळलं.

यल्लाप्पा मुचंडी, पलटणीतला निवृत्त हवालदार,
जगातल्या सगळ्यात उंच जागी अकरा मिनिटं उभा होता.
डाव्या पायाची दोन बोटं त्याची पावती.
इनास सोज खानापूरचा. मोठ्या बोटींवर कामाला होता,
नाव घ्यावं अशी बुडालेली जहाजं
आतून हिंडून आलाय.

एका शनिवारी दोघं एकदमच आले. लाईट गेलेली.

"वर काय असतं रे?"
"रांग. रेशनला असती तसली.
पुढच्याची पाठ बघत चढायचं.
खरं शेवटच्या चार पावलांत कोण नसतं बघ,
आपणबी नसतोय."

"आणि खाली?"
"खाली बोट कुशीवर झोपलेली.
दार म्हणजे खड्डा, भिंतीवरनं चालायचं.
कपबशा हायत अजून.
तुझा डोंगर उद्याबी हाय की,
माझी बोट गंजून जाऊलीय."
"बर्फबी जाऊलाय," मुचंडी म्हणाला,
आणि रागानं बिडी शोधू लागला.

झेंड्याचं मी विचारलं. आमच्या गावात विचारावंच लागतं.
मुचंडीनं धरला होता, खरं वारा इतका
की फोटोत नुसतं फडकं.
इनासच्या बोटीला नावाची पाटी होती,
अक्षरं शिंपल्यांनी झाकलेली,
कुठल्या भाषेतली, कळायला मार्ग नाही.
"बरं झालं की मामा," आमचा बासू म्हणाला,
"भांडण नाही."

मग बुटांचं कुणी काढलं, आठवत नाही.
वर वाटेशेजारी एक जण पडून आहे, कित्येक वर्षं.
तोंड बर्फात, बूट वाटेकडं.
येणारे जाणारे त्याच्यावरनं अंतर मोजतात:
बूट आले, म्हणजे अजून दोन तास.
इनासनं ग्लास खाली ठेवला.
खाली हाडंसुद्धा उरत नाहीत, म्हणाला.
चामडं उरतं. जोडीनं, जवळ जवळ,
घरात शिरताना काढून ठेवावेत तसं.

फौंड्रीत कोणीतरी ठोकत होतं. थांबलं.

मी समजत होतो, एकाचा धंदा वर, एकाचा खाली.
पण दोघांच्या बोलण्यात भीती परतीचीच.
इनास अजून माझ्या बारा पायऱ्यांच्या जिन्यावर
मध्येच उभा राहतो. रक्ताला वेळ द्यायचा, म्हणतो.
मुचंडी उतरताना कठडा सोडत नाही.

सोमवारी एकाला साखर कारखान्याच्या धुराड्यावर
रंग मारायला चढायचं होतं,
दुसऱ्याला हिडकलच्या पाण्यात
मोटारीच्या फुटव्हॉल्व्हात गुंतलेलं लुगडं काढायचं होतं.
माझ्याशी दोघांनी दहा दहा रुपयांवरनं घासाघीस केली.

इनासचं काम नेहमीचं.
मुचंडीनं मात्र वरून आणलेला रिकामा सिलिंडर आणला होता.
कापून द्या, म्हणाला, गावच्या शाळेला घंटा करतो.

आमच्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
गावाचं नाव तीन लिप्यांत,
आणि खाली बारीक अक्षरांत उंची.
साडेसातशे मीटरच्या आसपास.
तेवढ्या उंचीवर, माझ्या टेबलावर,
इनासचा व्हॉल्व्ह सोडला.
फुस्स करून उरलीसुरली हवा बाहेर आली.

मग मुचंडीचा.
मी कान लावून बसलो. बाहेर काहीच येईना.
बासूनं पितळाचा कीस तोंडाजवळ धरला,
तो आत ओढला गेला.
वर संपला तेव्हा त्यानं तो तिथंच घट्ट बंद केलेला.
इतक्या वर्षांनी, उद्यमबागेत,
काळ्या वाळूसकट,
त्या सिलिंडरनं श्वास घेतला.

घंटा त्या दिवशी कापली नाही.