पाचवी आवृत्ती

मार्च. तार्तू शहर, तिसरा मजला, लेलोचं स्वयंपाकघर.
खाली एमायोगी नदीवरचं बर्फ फुटतंय,
शेजारी कुणी रात्रभर ताटं सरकवावीत तसं.
टेबलावर कोरा कागद, तीन मग,
राईच्या पावाची उरलेली कड
आणि उर्मेटचा लॅपटॉप,
ज्याचा पंखा आमच्याआधी दमतो.

पाचवीचं ठरवायला जमलोय.
हिचा अजून एक फोल्डरही नाही,
भांडण मात्र पाचवीलाच पुजलेलं.

उर्मेट म्हणतो, सगळं पाडू.
बिल्ड नवं, ग्रिड नवं, फाइलींची नावं नवी,
मेलेल्या ब्राउझरांसाठी लावलेली ठिगळं उसवू.
बोलताना त्याचे हात हवेतच डिलीट करत असतात.
लेलो म्हणते, चौथीवर बसलेत त्यांचं काय?
चढतील की.
जिना कुठाय?
मी कागदावर लिहितो: जिना.

आम्ही बनवतो तरी काय?
बहिणीला एकदा सांगितलं होतं, रिकामं घर.
खिडक्या उघडतात, अंधारात हात घातला तर बटण सापडतं,
बाकी तुमचं तुम्ही मांडा.
पण घर फार मोठा शब्द झाला.
विरजण म्हणावं.
चमचाभर. कुणीही न्यावं, परत द्यायची अट नाही,
आणि कुणाच्या पातेल्यात कसं लागलं
ते आपल्याला कळत नाही.

कळतं ते नासलं तरच.
रात्री दोनला:
मेनू उघडत नाही.
तुमच्यामुळे माझा शुक्रवार गेला.
शुक्रवार!
अकरा वर्षांत माझे किती गेले, मोजायचं मी सोडून दिलंय.
पैसा नाही. एकदा कोरियातून कुणी लोकरी मोज्यांचा जोड पाठवला होता,
तोच आज पायांत आहे.

मग ती ओळ आली.
फॉर्मच्या फाइलमध्ये, दोनशे चौदावी.
वर हेल्डुरचा शेरा:
काढू नका. काढायचीच असेल तर मला फोन करा.

हेल्डुरला जाऊन दोन वर्षं झाली.
त्याचा नंबर माझ्याकडे अजून आहे.
उर्मेटचे हात पहिल्यांदाच टेबलावर आले.

ओळ काढून पाहिली.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
काहीच मोडलं नाही,
आणि त्याचंच वाईट वाटत राहिलं.

लेलोने किह्नू बेटावर फोन लावला, एन्डलाला, त्याच्या बायकोला.
स्पीकरवर वारा, मागे कुत्रं.
"ओळबिळ मला कळत नाही गं.
सासूबाईंना दिसायचं नाही. बोटीचं तिकीट काढायच्या पानावर
तो वाचून दाखवणारा आवाज तारखेपाशी येऊन मुका व्हायचा.
ह्याने काहीतरी केलं.
मग त्या एकट्या यायच्या, कुणाला न विचारता.
आल्या की आधी तेच सांगायच्या, मी काढलं, मी."
"आणि आता?"
"आता त्याही नाहीत. काढा की."
कुत्रं भुंकायचं थांबलं.
"तशा अजून दोघीतिघी आहेत म्हणा बेटावर."

उर्मेट उठला, पाव कापला, नको तितका जाड.
पाठमोराच म्हणाला,
नव्या फॉर्मच्या विणीतच घेऊ हे. ठिगळ नको.
म्हणजे जूनची तारीख गेली, लेलो म्हणाली.
गेली तर गेली.
(हे उर्मेट म्हणाला. तारखांवरून दोनदा भांडून निघून गेलेला उर्मेट.)

सात वाजले. आकडा तेवढा पक्का झाला: पाच.
ग्रिडचं घोंगडं भिजतच आहे,
नाव बदलायचं की नाही, तेही.
कागदावर जिना, त्याखाली दोघीतिघी,
आणि लोण्याचा एक डाग, जो ठरावात धरायचा नाही.

निघण्याआधी मी ती ओळ परत लावली, चौथीपुरती.
शेऱ्यात फक्त एक शब्द बदलला,
"मला"चं "आम्हाला" केलं,
आणि खाली लेलोचा नंबर दिला,
तिला विचारून.