जूनचा रकाना

उम्म अल क्वैनच्या खाडीत, तिवरांच्या कडेला
बावीस सापळे आहेत माझ्या नावावर.
संध्याकाळी प्रत्येकात डबाभर सुका बर्फ टाकायचा.
तो धुमसतो रात्रभर,
डासांना वाटतं, कुणीतरी झोपलंय इथं,
श्वास घेतंय.

पहाटे जाळ्या सोडवून आणायच्या,
पांढऱ्या ताटलीत झटकायच्या,
चिमट्यानं एकेक वेगळा करून
वहीत आकडा घालायचा.
जवळजवळ सगळ्या माद्याच.
सिल्हेटचा मुखलिस म्हणतो,
खोलीत आपण अकरा बाप्ये,
आणि बायका बघ कुठं येऊन भेटतात!

बाणकोटला डास म्हणजे
नारळाच्या करवंट्या, विहिरीमागची टाकी, ओला जून.
इथं जूनचा रकाना कोरडा:
शून्य, शून्य, दोन, शून्य.
या उन्हात डासाचीही छाती होत नाही,
बाहेर असतो ते आम्ही, साडेबारापर्यंत.

मग ऑक्टोबर. हवा जरा नरमते,
अमावास्येचं उधाण खाजणात शिरतं
थेट पाइपलाइनपर्यंत,
आणि आठवड्यात जाळ्या करड्या होतात.
चारशे बारा. नऊशे साठ.
मार्चमध्ये पुन्हा एकदा.

पाऊस नाही, मग आले कुठून?
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
बसऱ्याच्या डॉक्टर नवार मॅडमनी
चिखलाचं एक ढेकूळ हातावर ठेवलं,
भेगाळलेलं, मिठानं पांढरं.
म्हणाल्या, यात अंडी आहेत.
किती दिवस थांबतात?
त्यांनी खांदे उडवले.
पाणी येईपर्यंत.

सुटी मागितली की साहेब कॅलेंडर बघतात:
आता हंगाम आहे. जूनमध्ये जा.
म्हणजे मी घरी पोचतो
तो तिकडच्या डासांबरोबरच.
यंदा तिकीट परवडलं नाही.
जुलैत रुकय्याचा फोन:
धाकट्याला डेंग्यू झाला होता,
सांगितलं नाही तुम्हाला, आता उतरलाय.
वही उघडीच होती समोर.
तारखेपुढं मी शून्य लिहिलं.
खोटं नव्हतं ते.

ढेकूळ अजून माझ्याकडे आहे,
खोलीतल्या बेसिनवरच्या फळीवर,
साबणापासून हातभर दूर.
रोज सकाळी तोंड धुऊन झालं
की ओले हात मी पाठीमागं धरतो
आणि थोडा वेळ
त्याच्याकडे बघत उभा राहतो.