खूर

मिसूरीतलं छोटं गाव, स्वस्त दुकान, तिसरी रांग.
डेल्मर चष्मा कपाळावर सरकवून
पाकीट नाकाशी धरतो.
बटाटा, तेल, मीठ. इथवर ठीक.
मग व्हे.
म्हणजे गाय.
पाकीट परत फळीवर.

खारे शेंगदाणे तरी?
त्यातही जिलेटिन.
शेंगदाण्याला मीठ चिकटावं म्हणून
कुणाचं तरी हाड उकळलंय.

गोचीड तिळाएवढी होती.
जूनमध्ये, कुंपणाची तार ओढताना,
गुडघ्यामागे. मीच चिमट्यानं काढली,
बेसिनमध्ये पाणी सोडलं, विसरले.
ऑगस्टात त्यानं डुकराच्या बरगड्या खाल्ल्या
आणि रात्री दोनला
ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या,
मला हाक मारायला आवाज नाही,
बुटानं भिंत बडवत होता.

चाळीस वर्षं याच माणसानं
अख्ख्या काउंटीची हरणं सोलून दिली.
आता ‘नैसर्गिक स्वाद’
या दोन शब्दांपुढे उभा आहे
टोपी हातात घेऊन,
चर्चला उशिरा पोचल्यासारखा.

पाकिटामागचा नंबर मी तिथूनच फिरवते.
पोरगी म्हणते, आमचा मसाला गुप्त असतो, मॅडम,
सांगता येत नाही.
म्हटलं, मसाला राहू दे तुझ्यापाशी.
एवढंच सांग,
त्याला खूर होते का?

ती गप्प.
मग हळूच, थांबा हं, विचारून येते.
फोनवर बासरी लागते.

डेल्मरनं तोवर
पुढचं पाकीट उलटं केलंय.