माग

नायनांनी आठ माग विकले ते किलोवर.
टेम्पो भरून गेला आणि शेडमध्ये उरला
चाळीस वर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेला कोबा,
त्यात बोल्टांची भोकं. मागाला चार. एकूण बत्तीस.
खरं तर एकतीस.

तौसीफ दारातच थांबला होता.
"का बे, हे तुमच्याकडं आधीपासून होतं?"

मग आम्ही सहा जण, बोर्ड दोन.
भोकं एम-सीलनं बुजवली.
बेअरिंग अशोक चौकातल्या मागाच्या स्पेअरवाल्याकडून.
त्यानं विचारलं, कुठल्या मशीनला?
गुरुबसव म्हणाला, पायाला.
मे महिन्यात पत्रा तापतो,
म्हणून पहाटे पाचला यायचो,
गल्लीला वाटायचं, पोरं अभ्यासाला उठलीत.

बत्तिसावा बोल्ट निघालाच नव्हता.
खिडकीखालचा, सहाव्या मागाचा, पेरभर वर.
सगळ्यांना माहीत. मला जास्तच, शेड माझी.
तरी त्या दिवशी चाक तिथंच अडलं.
मी पुढं गेले, घोटा मागं राहिला.
आवाज कडक भाकरी मोडल्यासारखा.
अजून ताटात भाकरी आली
की मी ती आमटीत भिजवूनच खाते.

प्लेट एक, स्क्रू सहा.
नायनांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला,
तागा तपासतात तसा खूप वेळ पाहिला,
म्हणाले, "अलाइनमेंट बरी आहे."
दुसरं काही नाही. पुढं आठ दिवस नाही.

अकरा आठवडे खाटेवर.
अम्मा विड्या वळायची, मी दोरा गुंडाळायची,
माझ्या विड्या कारखान्यात नापास व्हायच्या.
समोर, गल्लीपलीकडं, शेड वाजायची.
ऑली चुकली की दोनदा वाजतं,
जमली की एकदाच.
गुरुबसवचं डावं चाक झिजलंय, ते घासत जातं.
आणि छोटी शैलू बुरला,
दोन ढकल, एक थांबा, दोन ढकल.
ती पडली की आधी गप्प,
मग हसायचा आवाज, मग मला बरं वाटायचं.
एका सकाळी काहीच वाजलं नाही.
मी कुबड्या शोधत होते तेवढ्यात कळलं,
नळाला पाणी आलंय, सगळे घागरी भरायला गेलेत.

हिरेमठ मॅडम यायच्या सायकलवर.
"जमिनीवर टॉवेल अंथर. बोटांनी ओढ. निधान."
टॉवेल आमचाच, शेवटच्या ताग्यातला, निळ्या काठाचा.
सात वेळा ओढला की घाम.
अम्मा म्हणायची मेल्लगा, तौसीफ म्हणायचा आहिस्ता,
शेजारच्या काकू सावकाश, सावकाश.
एका गल्लीत चार भाषा,
आणि मला चारीतही तो शब्द कळत नव्हता.

प्लास्टर निघाल्यावर पोटरी दुसऱ्याच कुणाची तरी.
बारक्या, पांढुरक्या, लाजऱ्या पोरीची.
तिला घेऊन मी गल्ली ओलांडली. बावीस पावलं.

शेडमध्ये नायना उकिडवे बसलेले.
हातात भाड्यानं आणलेला ग्राइंडर,
डोळ्यांवर अम्माचा जुना चष्मा.
ठिणग्या माझ्या पायापर्यंत आल्या आणि विझल्या.
पोरं भिंतीला टेकून, कुणी बोलेना.
बोल्ट जमिनीबरोबर झाला तेव्हा त्यांनी
तिथून तळहात फिरवला, परत फिरवला.
माग गेले, पण कोब्यात माग राहिलाच आहे:
खुरांसारखे चार-चार ठिपके,
आणि विणकराच्या टाचेनं पाडलेली बशीएवढी खळगी.
आमचा टर्न तिथूनच चांगला बसतो.

तौसीफनं कोपर धरलं. मी डावा पाय बोर्डवर ठेवला,
स्क्रूवाला. आत सहा जणांनी अंग आकसलं.
एक ढकल. फक्त एक.
ठक ठक, ठक ठक, बुजवलेल्या भोकांवरून,
पहिला माग, दुसरा, तिसरा,
घाबरत, तोंडात अम्माचा देव आणि एक शिवी.
भिंत आली. मी उभीच होते.

शैलूनं टाळ्या वाजवल्या. मग विचारलं,
"ताई, स्क्रू काढले की मला देशील?"

नायना दाराकडं तोंड करून ग्राइंडरची वायर गुंडाळत होते.
न वळता म्हणाले,
"चौथ्यापाशी आवाज पोकळ येतोय.
एम-सील आण."