सहा हजारांच्या आत

सदरच्या दुकानात काचेतलं लाल मँडोलिन आधी दिसलं.
आठ तारा, चकचकीत खुंट्या, पिशवी फुकट.
नायडू म्हणाला, "भाऊ, दिसायला तर पाहा."
दिसायला पाहिलं.
मग खिशातून सहा इंची स्टीलपट्टी काढली,
हिंगण्याच्या लेथवर सतरा वर्षं
जी माझा शर्ट एका बाजूला ओढते,
आणि मानेवर उभी धरून एक डोळा मिटला.
सातव्या पडद्यापाशी पट्टीखालून
ट्यूबलाइटचा उजेड आला.
केसभर नव्हे, चांगला दोन केस.
"असं कुणी मोजत नाही हो."
"माझी बोटं मोजतील ना, रोज."

लोक विचारतात, इलेक्ट्रिकच काहून?
साधं घे, पोकळ पोटाचं, त्याचा गळा गोड.
असेल.
पण संघमित्रा मेयोत रात्रपाळी करते.
सकाळी साडेआठला येते,
एप्रन खुंटीला लागायच्या आत झोपेत असते,
आणि मी दुसऱ्या पाळीचा माणूस.
दुपारी कंपनीची बस येईपर्यंत
एका खोलीत तिची झोप
आणि माझे रिकामे हात.
भरीव मँडोलिनला पोट नसतं.
वायर काढली की नुसतं कुजबुजतं,
पत्र्याच्या डब्यात मुंग्या चालाव्यात तसं.
म्हणजे मला वीज हवी होती
ती न लावण्यासाठी.
हे नायडूला सांगून पाहिलं.
त्यानं लाल मँडोलिन पुसून परत काचेत ठेवलं.

पाचपावलीत धकाते राहतात.
त्यांच्या खोलीत बापाच्या मागाचा खड्डा अजून आहे,
वर फळी टाकून त्यावर सोल्डरिंग चालतं.
"ये बाप्पा. पट्टी आणली म्हणते तू?"
बातमी सदरहून माझ्या आधी पोचली होती.

भिंतीवर एक लटकत होतं.
पाच तारा. मोडक्या पलंगाचा सागवान.
रंग फ्रिजचा, कारण उरलेला डबा फ्रिजचाच होता.
पिकअपची तार त्यांनी हातानं गुंडाळलेली,
कांडी भरतात तशी, तोंडानं मोजत.
"किती फेरे?"
"सहा हजार धर. मधात चहा आला होता."
"आणि किंमत?"
"फेऱ्याले रुपया."
मी गप्प.
ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"बरं, चहाच्या वक्ताचे सोड. पाच हजार सहाशे दे."

पट्टी ठेवली. खालून अंधार.
शेवटच्या दोन पडद्यांशी थोडा उजेड होता,
पण तिथवर मी या जन्मी जाणार नाही.
वायर जोडल्यावर ते घूं करू लागलं,
आमच्या कूलरचाच सूर,
ज्याचा पंप याच पैशांत बसवायचा होता.
मी तोंड वाकडं केलं.
"तारेवर हात ठेव," धकाते म्हणाले.
ठेवला. गप्प झालं.
उचलला, घूं.
ठेवला, गप्प.
"तुयाच अंगातून अर्थिंग जाते त्याचं.
याले सोडून चहा प्याले उठला
तं बोंबलनच."

दुसरं काही पाहायचं राहिलं होतं,
खुंट्या सैल होत्या, जॅक हलत होता,
माझी पट्टी तिथवर पोचतच नाही.
नोटा दोनदा मोजल्या, त्यांनी एकदाही नाही.

आता सकाळचे साडेदहा.
खस सुकलेली, पंपाशिवाय नुसता पंखा फिरतोय,
बाहेर ऊन पत्र्यावर चढलेलं.
मी जमिनीवर, मांडीवर फ्रिजच्या रंगाचं लाकूड,
एकच ओळ, पुन्हा, चुकत.
संघमित्रानं कूस बदलली.
डोळे न उघडताच म्हणाली,
"मोहरी जळेल.
गॅस कमी कर."

मी गॅस कमी केला.